हिरव्या पाण्यातले मासे

आमच्या यवतमाळच्या कॉलनीतल्या पाण्याच्या टाकीजवळ रविवारी सकाळी एक बाई मासे विकायला यायची. आर्णीच्या अलीकडे बंजाऱ्यांचा एक तांडा आहे, तिथली. दिराच्या मालवाहू ऑटोत दोन निळे ड्रम असायचे, ड्रमात पाणी, आणि पाण्यात जिवंत रोहू आणि कटला. एका लहानशा पंपाने बुडबुडे सोडलेले असायचे. गिऱ्हाइकाने बोट दाखवलं की ती कोपरापर्यंत हात आत घालायची आणि नेमका तोच मासा धरून वर काढायची. दीर खवले काढून, तुकडे करून द्यायचा.

तोवर आम्ही सगळे बाजारातूनच मासे आणायचो. थर्माकोलच्या खोक्यात बर्फाखाली ठेवलेले, आंध्रातून आलेले. ते कुठल्या पाण्यात वाढले, काय खाऊन वाढले, कधी मेले, हे आमच्यापैकी कुणी कधी विचारलं नव्हतं. कल्ले उघडून रंग बघायचा, बोटाने दाबून बघायचं, भाव पाडून घ्यायचा आणि पिशवी उचलायची.

ती पहिल्यांदा आली तेव्हा कुणी ऑटोजवळ जाईना. लोक गॅलरीतून बघत होते. मी गेले. मी शाळेत विज्ञान शिकवते आणि कॉलनीत माझ्या शब्दाला थोडा मान आहे. पाणी शुद्ध करायचं कुठलं यंत्र घ्यायचं, सफरचंदावर मेण लावलेलं कसं ओळखायचं, ताप आल्यावर काय तपासून घ्यायचं, हे लोक मला विचारतात. मला ते आवडतं, खोटं कशाला सांगू. तर मी एक रोहू घेतला, घरी केला, चांगला लागला, आणि दुपारी कॉलनीच्या ग्रुपवर लिहिलं की मासा एकदम ताजा आहे, सगळ्यांनी घ्यावा. पुढच्या रविवारी ऑटोभोवती दहा-बारा जण होते. तिने मला लांबून पाहिलं आणि गर्दीतून हात वर करून हसली. महिनाभरात तिचे दोन्ही ड्रम तास-दीड तासात रिकामे व्हायला लागले. तिने मला तिचा फोन नंबर दिला होता. मोठा मासा पाहिजे असेल तर आधी सांगत जा, म्हणाली होती.

त्या हिवाळ्यात माझ्या मुलीचे सासू-सासरे पहिल्यांदा आमच्याकडे येणार होते. ती माणसं समुद्राकाठची. मासे त्यांच्या घरात रोजचे. लग्नात विहीणबाई सहज म्हणाल्या होत्या की तुमच्याकडे बिचाऱ्यांना मासा कुठला मिळणार. त्यांच्या मनात काही नव्हतं, पण ते माझ्या डोक्यात बसलं होतं. आता त्यांना आमच्या पद्धतीचा, खोबरं-खसखशीचं वाटण लावलेला, वर लाल तर्री आलेला रस्सा खाऊ घालायचाच, असं मी ठरवलं.

शनिवारी दुपारी तिला फोन केला आणि मोठे, प्रत्येकी दोन-अडीच किलोचे दोन रोहू सांगितले.

ती म्हणाली, टाक्यात काढून ठेवलेत ते लहान आहेत, मोठे अजून तळ्यातच आहेत. मग जरा थांबून म्हणाली, "दोन रोज थांबसान तर बरं होईन, मॅडम. मंगळवारी आनून देतो."

मी म्हटलं, पाहुणे उद्या येणार आहेत, मंगळवारी आणून काय करू. ती पुन्हा काहीतरी सांगायला लागली तर मी तिला तोडून म्हटलं की उद्याच पाहिजेत, नाहीतर मला दुसरीकडून बघावं लागेल. ती म्हणाली, आणतो. दोन दिवस कशासाठी, हे मी विचारलं नाही. मला वाटलं, जाळं टाकायचा कंटाळा असेल.

रविवारी तिने मासे घरपोच आणून दिले. मोठे, चकचकीत. मी सकाळभर स्वयंपाकघरात होते. ताटं वाढली तेव्हा रश्श्याचा रंग बघून व्याही खूश झाले. विहीणबाईंनी पहिला घास घेतला, थोडा वेळ चावत राहिल्या, आणि मग तुकडा ताटाच्या कडेला सारून नुसता रस्साभात कालवला. मी माझा घास घेतला. मातीचा वास. पावसाळ्यात माठाच्या तळाशी बसलेल्या पाण्याला येतो तसा. मसाल्याच्या खालून तो वास जिभेवर येत होता आणि जात नव्हता.

"तळ्यातला आहे ना," विहीणबाई अगदी समजुतीने म्हणाल्या. "त्याला असा वास यायचाच. तुम्ही कशाला वाईट वाटून घेता?"

त्यांनी नावं ठेवली असती तर मला एवढं लागलं नसतं. माझी मुलगी ताटात बघत होती. नवऱ्याने विषय काढला कापसाच्या भावाचा. मी उठून पोळ्या आणायला आत गेले आणि ओट्याशी उभी राहून तो सगळा राग त्या बाईवर काढायचं ठरवलं. दुसरं कुणी माझ्या हाताशी नव्हतं.

पुढच्या रविवारी मी मुद्दाम गर्दी झाल्यावर खाली उतरले. ती मला बघून हसली, पाहुण्यांना मासे आवडले का म्हणून विचारलं. मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "तुम्ही या माशांना खायला काय घालता?"

तिला या प्रश्नाने आनंद झाला. आजवर कुणी विचारलं नसावं. ती हात पुसत, उत्साहाने सांगायला लागली. कोंडा घालतो, सरकीची ढेप भिजवून घालतो, आणि तळ्याच्या कोपऱ्यात शेणाचं पोतं बांधून ठेवतो. त्याने पाणी हिरवं होतं.

"शेण?" माझ्या मागे कुणीतरी म्हटलं.

ती म्हणाली, हो, गाईचं शेण, घरचंच.

इथे मला थांबायला हवं होतं. शेणाने पाण्यात काय होतं ते मला माहीत होतं. त्यातलं खत पाण्यात उतरतं, डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पती वाढतात, पाणी हिरवं होतं, त्या वनस्पतींवर बारीक जीव जगतात, आणि मासा त्यांवर. अन्नसाखळीचा धडा आहे हा. मी तो वर्षानुवर्षं फळ्यावर काढत आले आहे. त्या वेळी, त्या टाकीखाली उभी असताना, तो फळा माझ्या डोळ्यांसमोर होता. दोन वाक्यांत सांगितलं असतं तर मागच्या बाईची शंका तिथेच मिटली असती.

मी हसले. "म्हणजे आपण शेण खाल्लेले मासे खात होतो तर," असं म्हटलं आणि रिकामी पिशवी घडी करून काखेत मारली.

दोघी-तिघी हसल्या. एकीने नाकाला पदर लावला. एका गृहस्थांनी तुकडे करायला दिलेला मासा नको म्हणून सांगितलं. दिराची सुरी तशीच हातात राहिली. ती बाई म्हणत होती, तसं नाही, शेण मासे खात नाहीत, पाणी हिरवं होते त्याच्यानं... पण तिच्याकडे तो धडा सांगायला शब्द नव्हते. शब्द माझ्याकडे होते. तिने माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं, मी बोलेन अशी तिची अपेक्षा होती. मी जिना चढून वर आले.

गॅलरीतून मी बघितलं, अर्ध्या तासाने ऑटो गेला. ड्रम जवळजवळ भरलेलेच होते. त्यानंतर ती आणखी दोन रविवार आली. पहिल्या रविवारी तिने चार-पाच मासे विकले असतील. दुसऱ्या रविवारी कुणीच गेलं नाही. तोवर ही गोष्ट शेजारच्या दोन कॉलन्यांत पोचली होती आणि तिच्यात शेणाबरोबर आणखीही घाण आली होती, जी मी बोललेही नव्हते. कुणीतरी ग्रुपवर लिहिलं, मॅडमनी वेळेवर सांगितलं म्हणून बरं. खाली हात जोडल्याच्या खुणा. मी ते वाचलं आणि काही लिहिलं नाही. आम्ही सगळे पुन्हा बर्फातल्या माशांकडे गेलो. त्यांना काय चारलं होतं, हे अजूनही कुणी विचारत नव्हतं. विचारलं असतं तरी सांगायला तिथे कुणी नव्हतं.

मार्चमध्ये मला दहावीच्या परीक्षेच्या कामासाठी आर्णीला जावं लागलं. सकाळच्या एसटीने जायचं, पेपर आटोपला की परत. तिसऱ्या दिवशी काम लवकर संपलं. मी स्टँडवर उभी होते आणि फोनमध्ये तिचा नंबर अजून होता. लावला. माझं नाव सांगायच्या आधीच ती म्हणाली, "हव मॅडम, बोला." येऊ का विचारलं तर तिने आढेवेढे न घेता रस्ता सांगितला. ऑटोने जाऊन तांड्याच्या फाट्यावर उतरले. ती स्वतः घ्यायला आली होती.

तूर निघून गेलेली होती, नुसते खुंट उभे होते. त्यांच्या मधून पायवाटेने आम्ही तळ्यापर्यंत गेलो. शेततळं साधंच, चौकोनी, काळं प्लास्टिक अंथरलेलं. पाणी खरंच हिरवं होतं, कोवळ्या मुगाच्या शेंगेसारखं. एका कोपऱ्यात दोरीला बांधलेलं पोतं अर्धं बुडालेलं होतं. तिने ते लपवलं नाही, मला आधी तिकडेच नेलं. मग काठावर बसून कोपरापर्यंत हात पाण्यात घातला.

तिने समजावलं ते असं. हात कोपरापर्यंत गेला आणि तळवा अंधुक दिसला तर पाणी बरोबर. तळवा अजिबात दिसला नाही तर पाणी जास्त हिरवं झालं, पोतं वर काढून ठेवायचं, नाहीतर पहाटे मासे तोंड वर काढून तडफडतात. तळवा स्वच्छ दिसला तर पाण्यात खायला काही नाही, पोतं सोडायचं. औषध कुठलंच घालत नाही. उन्हाळ्यात तळ्याचं पाणी भाजीच्या वाफ्यांना जातं आणि त्या वाफ्यांना खत विकत आणावं लागत नाही. हे सगळं ती एका प्रशिक्षणात दोन दिवस बसून शिकली होती. तिथे ती एकटीच बाई होती. तांड्यातले लोक आधी हसले होते, म्हणाली.

तळ्याच्या वरच्या बाजूला सिमेंटचं एक टाकं होतं. त्यात बोअरचं स्वच्छ पाणी आणि दहा-पंधरा मासे. मी विचारलं, हे वेगळे कशाला?

"विकायच्या आधी दोन रोज इथं ठेवा लागते," ती म्हणाली. "खायले काही द्याचं नाई. मातीचा वास निंगून जाते."

मी टाक्याच्या कठड्यावर हात ठेवून उभी होते. दोन रोज. मंगळवारी आणून देतो. मला ते सगळं फोनवरचं बोलणं शब्दन्‌शब्द आठवलं, माझा आवाजसुद्धा. मी विचारलं, त्या रविवारचे ते दोन मोठे?

"ते पहाटे तळ्यातूनच काढले होते," ती म्हणाली. "तुमच्या घरी पाव्हने येनार होते ना."

तिने हे तक्रार म्हणून सांगितलं नाही. विचारलं म्हणून सांगितलं.

मग मी जे बोलायला आले होते ते बोलले. खरं तर मी वाटेत वाक्यं जुळवली होती, ती सगळी विसरले. म्हटलं, त्या दिवशी मी सगळ्यांसमोर बोलले ते चुकीचं होतं. शेणाने काय होतं ते मला माहीत होतं. मी शाळेत तेच शिकवते. माहीत असून बोलले.

तिने टाक्यात तरंगणारं एक पान उचलून बाजूला टाकलं.

"मले वाटलं, तुमाले मालूम नसंन," ती म्हणाली.

एवढंच. मग तिने मान वळवून पाण्याकडे पाहिलं. मला तोवर वाटत होतं की कबूल केल्यावर माझ्या छातीवरचं ओझं थोडं उतरेल. ते उतरलं नाहीच, आणि तिच्याजवळ माझ्याविषयी जी एक समजूत उरली होती, मॅडम शहरातल्या, त्यांना शेतीतलं काय कळणार, तीही मी काढून घेतली. माझ्या अज्ञानाला तिने केव्हाच माफ करून टाकलं होतं. आता माफ करायला तिच्यासमोर दुसरंच काहीतरी होतं.

तिने मला घरी नेऊन चहा दिला. सासू खाटेवर बसून आमच्याकडे बघत होती. गोरबोलीत, त्यांच्या बंजारा भाषेत, तिने काही विचारलं, सुनेने एका शब्दात उत्तर दिलं, आणि म्हातारीने माझ्यासमोर फुटाण्याची वाटी सरकवली. निघताना मी म्हटलं, पुन्हा कॉलनीत या, मी सगळ्यांना समजावून सांगते. ती म्हणाली, बघू. आता एक व्यापारी तळ्यावरच येतो, सगळा माल एकदम उचलतो, बर्फात भरून नागपूरला नेतो. पैसे कमी पडतात, पण उभं राहावं लागत नाही. "उभं राहावं लागत नाही" हे तिने दोनदा म्हटलं.

मी यवतमाळला परतले आणि त्याच आठवड्यात ग्रुपवर लांबलचक मजकूर लिहिला. हिरवं पाणी, पोतं, टाकं, मातीचा वास, मी केलेली चूक, सगळं. दोघांनी अंगठे पाठवले. एकाने त्याच्या खाली पाण्याच्या टँकरची वेळ विचारली. मी संध्याकाळी खाली बसणाऱ्या बायकांना तोंडी सांगितलं. त्या ऐकत होत्या, माना हलवत होत्या. मग त्यांच्यातली एक, जी पूर्वी सगळ्यांत जास्त मासे घ्यायची, म्हणाली, "तुम्ही म्हणता ते खरंच असंन, मॅडम. पन आता गळ्याखाली उतरत नाही."

मी तिला विचारलं, बाजारातले उतरतात ते कसे? त्यांना काय चारतात ते तरी माहीत आहे का?

ती म्हणाली, "तेच तर. माहीत नाही म्हनून उतरतात."

घरी येऊन मी हे नवऱ्याला सांगितलं आणि म्हटलं, एवढं शास्त्रीय कारण देऊनही लोक ऐकत कसे नाहीत? तो पेपर वाचत होता. म्हणाला, "तू त्या दिवशी हसली होती ना. लोकांना ते आठवते." तो सहसा मला दुखवत नाही. त्या दिवशीही दुखवायचं म्हणून बोलला नव्हता.

आता मी महिन्यातून एकदा तिच्याकडून मासे आणते. कधी स्कूटरवर मी आणि नवरा जातो, कधी मी एकटी एसटीने. आधी फोन करते आणि दोन दिवस थांबते. तिने तळ्यावरच थोडी किरकोळ विक्री सुरू केली आहे, आर्णीहून लोक येतात. जावेने शेजारी दुसरं तळं घेतलं आहे, त्यातही बोटुकली सोडली आहेत, म्हणजे बोटाएवढी माशांची पिल्लं. आमचं बोलणं नीट होतं. ती माझ्या मुलीचं विचारते, मी तिच्या सासूचं विचारते. तिने मला कधी टोमणा मारला नाही.

मागच्या खेपेला मी टाक्याजवळ उभी असताना आर्णीचं एक जोडपं मोटरसायकलवर आलं. मासे बघून झाल्यावर त्या बाईने विचारलं, "काय चारता हो यांले?"

"दाना," ती म्हणाली. "कंपनीचा."

तिने हे पटकन, सरावाने म्हटलं. मग तिची नजर क्षणभर माझ्याकडे आली. मी कोपऱ्याकडे पाहिलं. पोतं तिथे नव्हतं. तळ्याच्या पलीकडच्या अंगाला, कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या ढिगाआड दोरी गेलेली दिसत होती. मोटरसायकलवरची बाई "मग ठीक आहे" म्हणाली आणि दोन मासे घेतले. मला तोंड उघडून सांगता आलं असतं की दाण्यापेक्षा हे बरं आहे, यात लपवण्यासारखं काही नाही. पण तिथे बोलायचा माझा हक्क आता उरला नव्हता, असं मला वाटलं. किंवा मला पुन्हा एकदा गप्प राहणं सोपं गेलं. या दोन्हींतलं खरं कोणतं, हे मला अजून सांगता येत नाही.

जोडपं गेल्यावर तिने माझे मासे तोलले. मी पिशवी घेतली. ती म्हणाली, पुढच्या महिन्यात कटला चांगला होईल, तेव्हा या.

यंदा अन्नसाखळीचा धडा आला तेव्हा मी वर्गात शेणाच्या पोत्याविषयी सांगितलं. मुलांनी अपेक्षेप्रमाणे तोंडं वाकडी केली. मी त्यांचं आटपेपर्यंत थांबले आणि मग कोपरापर्यंत हात बुडवून पाणी कसं तपासतात ते हवेत हात घालून दाखवलं. पुढच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, मॅडम, हे तुम्हाला कसं माहीत? मी म्हटलं, एका बाईंनी शिकवलं. त्या बाईंना मी काय केलं, हे मात्र मी सांगितलं नाही. तास संपायला दहा मिनिटं बाकी होती आणि मी त्यांना फळ्यावरची आकृती वहीत उतरवून घ्यायला लावली.